पाठमोऱ्या अक्का

९ नोव्हेंबर

लेकीची, अर्पिताची अर्धी कोरी वही मिळाली. पुढच्या पानांवर तिचे अपूर्णांक आहेत, त्यांच्यानंतर माझं सुरू. ती वसतिगृहाच्या शाळेत गेल्यापासून संध्याकाळी घरात बोलायला कुणी नसतं. सिद्धेश्वर खताचं दुकान बंद करून येतात, जेवतात, बातम्या बघतात. (वहीत नाव लिहिते. तोंडानं घेत नाही.)

आज समृद्धीचा फोन आला. धाराशिवला जलतरण तलावावर शिकवते ती मुलगी. उन्हाळ्यात माहेरी होते तेव्हा अर्पिताला तिच्याकडं पोहायला न्यायचे. काठावर बसून बसून कंटाळले आणि शेवटी मीही पाण्यात उतरले. अर्पिताच्या आधी मलाच यायला लागलं. समृद्धी म्हणाली, "ताई, फेब्रुवारीत धाराशिवला ट्रायथलॉन आहे, छोटी. आधी तळ्यात साडेसातशे मीटर पोहायचं, तसंच ओल्या अंगानं सायकलवर बसून वीस किलोमीटर जायचं, मग सायकल ठेवून पाच किलोमीटर पळायचं. तुमचं नाव घालते."

मी नको म्हणायला तोंड उघडलं आणि "घाल" म्हणाले.

जेवताना यांना सांगितलं. हे म्हणाले, "पोहायचं, मग सायकल, मग पळायचं. कोण मागं लागलंय तुमच्या?" मला हसू आलं.

१३ नोव्हेंबर

सायकलचा प्रश्न नाही. अर्पितासाठी घेतलेली तिला उंच पडली, मला बरोबर बसते. मी शिकवते ती शाळा सुटल्यावर आमच्या ईटच्या शिवारातून वाशीच्या रस्त्याला लागते आणि परत येते. पळायला शाळेचं मैदान आहे. पोरं गेल्यावर पळते, तरी कुंपणाला दोनचार तोंडं लागलेली असतातच.

पोहण्याचं अवघड आहे. धाराशिवला फक्त रविवारी जाणं होईल. बाकीचे दिवस विहीरच.

आमची विहीर सासऱ्यांनी दगडात बांधलेली, रुंद, पायऱ्यांची. यंदा पाणी भरपूर आहे. सहा वर्षांपूर्वी वाटणी झाली, तेव्हा विहीर थोरल्या दिरांच्या, रामहरीदादांच्या हिश्शात गेली आणि पाणी निम्मं निम्मं ठरलं. तीन दिवस त्यांची मोटर, तीन दिवस आमची. सातवा दिवस कुणाचा, यावरून पहिलं भांडण झालं. मग बांध, मग वाट. तेव्हापासून दोन्ही घरं बोलत नाहीत. मधे फक्त एक भिंत आहे. पलीकडं फोडणी बसली की इकडं ठसका लागतो.

जाऊबाईंना, धुरपताबाईंना, मी अक्का म्हणायचे. अर्पिता पाच वर्षांची होईपर्यंत मी शाळेत गेले की त्यांच्याचपाशी असायची, त्यांच्याच हातानं जेवायची. वाटणीनंतर आम्ही तिला बालवाडीत घातलं.

१७ नोव्हेंबर

आज विहिरीत उतरले. सूर्य उगवायच्या आधी गेले. आत पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाख, वरून गाऊन, डोक्याला टॉवेल. चोरी करायला निघाल्यासारखं वाटत होतं.

पाणी वरून काळं दिसतं. आत गेल्यावर कोमट लागलं. कडेकडेनं गोल पोहले. एका फेरीत दम लागला. तलावात खालची निळी फरशी दिसते, इथं स्वतःचे हातसुद्धा दिसत नाहीत.

वर बघितलं तर काठावरच्या लिंबाखाली अक्का. हातात विळा होता, गवताला आल्या असाव्यात. माझ्याकडं पाठ करून, रस्त्याकडं तोंड करून बसल्या होत्या. मी पायऱ्या चढून वर आले, गाऊन घातला, जवळून गेले, तरी त्यांनी मान वळवली नाही. एवढा राग.

२३ नोव्हेंबर

अक्का रोज येतात. आमच्या पाळीला येतात, त्यांच्या पाळीला येतात. तसंच पाठ करून बसणं. मला वाटलं होतं दोन दिवसांत गवत संपेल.

आज पोहत असताना वर आरडाओरडा ऐकला. गावातले हिंमतराव विहिरीवरून त्यांच्या रानात जायला निघाले होते, रोजचीच वाट. अक्का त्यांच्या अंगावर गेल्या. "हिकडनं वाट न्हाय. तिकडनं जावा, वड्याकडनं." हिंमतराव म्हणाले, "आगं पर कालपतुर तर हुती." "आज न्हाय," अक्का म्हणाल्या.

घरी आल्यावर सांगितलं तर यांच्या कपाळाची शीरच उठली. त्या वाटेवर आमचाही हक्क आहे. आज हिंमतरावांना अडवलं, उद्या आम्हाला अडवतील.

५ डिसेंबर

पायऱ्या कुणीतरी घासून काढल्या आहेत. खालच्या चार पायऱ्यांवर शेवाळ होतं, परवा माझा पाय सरकला होता, गुडघ्याला खरचटलं. आज बघते तर दगड स्वच्छ. मला फार बरं वाटलं. बोलत नाहीत पण लक्ष असतं यांचं. संध्याकाळी मुद्दाम वांग्याचं भरीत केलं.

"पायऱ्या छान झाल्या," मी म्हणाले.

टीव्हीकडं बघत हे "हं" म्हणाले आणि आणखी एक भाकरी घेतली.

१९ डिसेंबर

गेल्या रविवारी समृद्धीनं माझं पोहणं काठावरून बघितलं आणि म्हणाली, "ताई, तुम्ही श्वास घेता, सोडत नाही. पाण्यात तोंड असतानाच सगळा सोडायचा. आत साठवून ठेवलात की नवीन घ्यायला जागाच राहत नाही."

चार दिवस तेवढंच करते आहे. घेणं आपोआप होतं. सोडणं अवघड आहे, सोडला तर परत मिळेल का अशी भीती वाटते.

आज मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, या वयात हे कशाला?" मी म्हटलं, तब्येतीसाठी. ते खोटं आहे. खरं काय ते मला सांगता येत नाही. सकाळी पाण्यात असते तेवढा वेळ मी कुणाची बाई नसते, मॅडम नसते, अर्पिताची आईसुद्धा नसते. पूर्ण एकटी असते. त्या एकटेपणाची भीती वाटत नाही, उलट तो दिवसभर पुरतो.

(अक्का असतात म्हणा वर. पण ते असणं आणि नसणं सारखंच.)

३ जानेवारी

थंडी फार. पाण्यातून वर आलं की दात वाजतात.

शेतीची लाईट या आठवड्यात सकाळी सहापासून आहे. आमच्या पाळीला यांना सांगून ठेवलंय, मी घरी आल्याशिवाय मोटर चालू करायची नाही, पाण्यात करंट उतरायची भीती असते. त्यांच्या पाळीलाही उजाडेपर्यंत मोटर बंदच असते, हे माझं नशीब. आळशी आहेत म्हणून बरं.

पण हे वेगळंच सांगतात. दादा सकाळी मोटर उशिरा चालू करतात आणि ज्वारी भिजायची राहिली म्हणून आमच्या पाळीत तासभर घुसतात. काल हे दादांच्या अंगावर ओरडले. दादा म्हणे नुसते गुडघा चोळत उभे राहिले. आधी कसे, एकाला दोन शब्द द्यायचे.

१२ जानेवारी

आजचं लिहून ठेवते.

पायऱ्यांच्या विरुद्ध कडेला होते आणि उजव्या पोटरीत गोळा आला. आधी असं कधी झालं नव्हतं. पाय हलेना. पाणी नाकात गेलं. कडेच्या दगडाला धरायला गेले तर दगड गुळगुळीत. ओरडले की नाही आठवत नाही. मग हाताला दोर लागला. रहाटाचा दोर, चांगला पाण्यापर्यंत खाली आलेला, मधे मधे गाठी मारलेल्या. त्याला लोंबकळून राहिले. गोळा सुटला तसं कडेकडेनं पायऱ्यांपाशी आले.

दोर रोज वर गुंडाळलेला असतो. कुणीतरी बादली नेली असेल आणि तो तसाच सोडून दिला असेल. कुणाच्या निष्काळजीपणानं वाचले म्हणायचं.

वर बघितलं तर अक्का काठावर उभ्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचं तोंड माझ्याकडं होतं. पांढरं फटक. मी दोर धरलेला त्यांनी बघितला आणि परत लिंबाखाली जाऊन बसल्या, पाठ करून. मी पायऱ्यांवर बसून रडत होते, ते त्यांना ऐकू येत असणार. माणूस इतकं कोरडं कसं होतं?

यांना सांगितलं नाही. पोहणं बंद होईल.

२६ जानेवारी

झेंडावंदन करून घरी आले तर हे कागद घेऊन बसलेले. भूमच्या वकिलाकडून अर्ज लिहून आणलाय, तहसीलला द्यायचा. रामहरी व त्यांची पत्नी विहिरीवर जाण्यास अडथळा करतात, पाळी मोडतात. खाली साक्षीदार म्हणून माझं नाव. "रोज तुम्हीच जाताय. बाई सरकारी नोकरीत हाय म्हटल्यावर तुमच्या शब्दाला वजन," हे म्हणाले.

मी वाचलं. 'सदर धुरपताबाई या दररोज पहाटे विहिरीवर येऊन बसतात व येणाऱ्याजाणाऱ्यांस अटकाव करतात.' खरं आहे. 'मोटर ठरल्या वेळी चालू न करता अर्जदाराच्या पाळीत चालवितात.' तेही खरं. एकही वाक्य खोटं नाही.

तरी पेन हातात घेतलं आणि ठेवलं. म्हटलं, बावीस फेब्रुवारीची शर्यत होऊ द्या. आता डोक्यात दुसरं काही नको.

"मग तेवीस तारीख," हे म्हणाले.

८ फेब्रुवारी

सायकल आणि पळणं पाठोपाठ करून बघितलं. सायकलवरून उतरल्यावर पाय आपले राहत नाहीत, कुणाचे तरी लाकडाचे पाय लावल्यासारखे. थोडं पळाल्यावर परत आपले होतात. ज्वारी कंबरेच्या वर आलीय. पळताना दोन्हीकडून कणसं डोलतात आणि मी एकटीच घाईत.

अर्पिताचा फोन आला. "आई, पहिली येशील का?" म्हटलं, वर येईन तेवढं पुष्कळ.

२२ फेब्रुवारी

माहेरी, धाराशिवला. अंग ठणकतंय, झोप येत नाही, म्हणून लिहिते.

सकाळी तळ्यावर गर्दी. डॉक्टर, पोलीस, कॉलेजची मुलं. बायका आम्ही सहा. माझी सायकल सगळ्यांत जड. हे पहाटेच ईटहून आले, माझी पिशवी खांद्याला अडकवून उभे राहिले. कुणीतरी विचारलं, तुम्ही पळणार का? हे म्हणाले, "न्हाय, मी मंजुषा मॅडमचा." मला ऐकू गेलं हे त्यांना माहीत नाही.

शिट्टी झाली आणि सगळे एकदम पाण्यात. कुणाची लाथ बसली, कुणाचा हात पाठीवर पडला. मी बाजूला झाले. आणि मग कळलं की इथं कडाच नाही. विहिरीत कुठंही असलं तरी हाताच्या अंतरावर दगड असतो. इथं पाणी, त्याच्यापुढं पाणी. श्वास आत अडकला. समृद्धीचं शिकवलेलं सगळं गेलं. उताणी झाले आणि नुसती तरंगत राहिले. होडीवाला जवळ आला, "मॅडम, वर घेऊ का?"

मी काठाकडं बघितलं. शेकडो माणसं, हातात मोबाइल, सगळी तोंडं पाण्याकडं. मी कुणाला तरी शोधत होते. यांना नाही. हे दिसत होते, पिशवी घेऊन पुढं आलेले. मी त्या सगळ्या तोंडांत एक पाठ शोधत होते. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, रस्त्याकडं तोंड.

आपण काय शोधतोय हे कळल्यावर मला इतकं नवल वाटलं की घाबरायचं राहून गेलं. तीन महिने मी एकटी पोहते आहे असं समजत होते. माणूस एकटं कसं असतं ते मी आज बघितलं.

"नको," होडीवाल्याला म्हणाले आणि पालथी झाले. तोंड पाण्यात घातलं आणि सगळा श्वास सोडून दिला.

शेवटची बाहेर आले. पोहण्याची ठरलेली वेळ होऊन गेली होती. तिथला पंच चांगला माणूस, म्हणाला, "मॅडम, निकालात तुमचं नाव येणार नाही. पण रस्ता मोकळा आहे. जायचं असेल तर जा." मी गेले. जाताना वारा समोरून, येताना पाठीला. पळताना ऊन चढलं होतं, पाणी देणारी मुलं टेबलं आवरत होती, मला बघून त्यांनी परत मांडली. शेवटच्या वळणावर हे चपला फटफटवत माझ्या बाजूनं पळायला लागले, पिशवीसकट. "हळू, हळू," म्हणत होते, मी हळूच होते. समृद्धीनं मिठी मारली. पदक नाही, निकालात नाव नाही. मला दोन्हीची आठवणही नंतर झाली.

दुपारी हे ईटला परत निघताना म्हणाले, "उद्या वकिलाकडं जायचंय, ध्यानात हाय न्हवं?"

२३ फेब्रुवारी

सकाळच्या एसटीनं आले. पाय जिना उतरताना दुखतात, चढताना नाही. हे कागद काढून बसले होते. म्हटलं, आधी एकीला काहीतरी विचारून येते.

सहा वर्षांत त्या दारातून आत गेले नव्हते. अक्का चुलीपुढं भाकरी थापत होत्या. दादा बाजेवर, गुडघ्याला पट्टा. मला बघून उठायला लागले, मीच बसा म्हणाले.

"अक्का, तुम्ही रोज विहिरीवर का येत होता?"

"गवताला."

"गवत तर कधीच संपलं."

त्यांनी भाकरी उलटली. "तुला कुनी सांगितलं गं एकटीनं विहिरीत उतराया? घरात गडी मानूस हाय, त्याला कळत न्हाय व्हय?"

"मग ती वाट का अडवली?"

"बाई पान्यात असताना बाप्ये वरनं डोकावत जायाचं का? येईल त्याला वड्याकडनं लावलं."

"आणि मोटर?"

दादा बाजेवरून म्हणाले, "ती म्हनली, पोरगी वर आल्याबिगर बटनाला हात लावायचा न्हाय. मग ऱ्हायलेली सरी तुमच्या पाळीत भिजवायची. सिद्धूला सांगायचं कसं? बोलतोय कुठं आमच्याशी."

मी दोराबद्दल विचारलंच नाही. गाठी डोळ्यांपुढं आल्या.

"अक्का, तुम्हाला पोहता येतं?"

"मला? गुडघाभर पान्यात भ्या वाटतंय."

"मग मी बुडाले असते तर तुम्ही काय केलं असतं?"

"बोंबलले असते." त्यांनी भाकरी निखाऱ्याला लावली. "बोंबलाया तरी कुनी पायजे का नको?"

मी अर्जाचं सांगितलं. जसा होता तसा, शब्दाला शब्द. साक्षीदार मी, हेही सांगितलं. दादा जमिनीकडं बघत राहिले. अक्कांचा हात थांबला, मग परत थापायला लागला.

"खोटं काय हाय त्यात," त्या म्हणाल्या. "कर सही."

फुगलेली भाकरी त्यांनी माझ्या हातावर ठेवली, चटका बसला तरी मी खाली ठेवली नाही.

"अर्पी कवा यायची?" त्यांनी विचारलं.

"होळीला."

"शेंगाची पोळी आवडती तिला," अक्का म्हणाल्या आणि पुढचा उंडा घेतला.

घरी येऊन यांना म्हणाले, मी सही करणार नाही.

"का? खोटं हाय त्यात काय?"

"नाही. सगळं खरं आहे. पण ते तसं नाही."

सगळं सांगितलं, विहिरीत गोळा आला होता तेही. हे म्हणाले, "त्या पायऱ्या म्या न्हवत्या घासल्या."

"हो. कळलं मला आज."

यांनी कागद फाडला नाही. घडी करून कपाटावर ठेवला. तो मला इथून दिसतोय.

१ मार्च

शर्यत संपली तरी सकाळी जाग येतेच. गाऊन घालून निघाले तर हे दारात चपला घालून उभे. "चला," म्हणाले.

विहिरीवर गेल्यावर हे रहाटाच्या दगडावर बसले. थोड्या वेळानं अक्का आल्या. यांना बघून वाटेतच थांबल्या. परत जातात की काय असं मला वाटलं. मग आल्या आणि लिंबाखाली आपल्या जागेवर बसल्या. दोघांचीही तोंडं रस्त्याकडं. मी खाली उतरले.

दोन फेऱ्या काहीच नाही. मग यांचा आवाज आला, घसा खाकरल्यासारखा. "दादाचा गुडघा कसाय?"

पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. पाण्यात कान बुडले की शब्द राहत नाहीत. श्वासाला तोंड बाजूला काढलं की एखादा तुकडा यायचा. "लातूरचा डाक्टर..." मग पाणी. "...सातवा दिस तूच म्हनला हुतास..." मग पाणी. एकदा आवाज चढला, दोघांचाही. मी थांबले नाही. परत खाली आला. अर्पिताचं नाव ऐकलं. अक्का हसल्या की खोकल्या, कळलं नाही.

उजाडून गेलं होतं. माझे हात भरून आले होते, ओठ गार पडले होते, शाळेची वेळ असती तर केव्हाच वर गेले असते. पण वर बोलणं चालू होतं. मी आणखी एक फेरी मारली, आणि ती संपल्यावर आणखी एक.